प्रोस्टेट का वाढते? दोष पाण्याचा की वयाचा?

"रात्री चार-पाच वेळा उठावं लागते डॉक्टर. आपलं पाणीच खारं, त्याचाच त्रास असन." संग्रामपूर, जळगाव जामोद भागातले साठीपुढचे रुग्ण हे हमखास बोलतात. खारपाणपट्टा आणि किडनीचे आजार हा आपल्या जिल्ह्यातला खरा प्रश्न आहे. पण लघवीचा प्रत्येक त्रास पाण्यामुळे होत नाही.

प्रोस्टेट म्हणजे काय?
मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती असलेली ही पुरुषांमधली ग्रंथी. तरुणपणी ती साधारण अक्रोडाएवढी असते. ती वाढली की मधली नलिका दबते. मग धार बारीक होते, जोर करावा लागतो, लघवी पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही.

वाढण्याची कारणे
- वय आणि हार्मोन: टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी हे हार्मोन तयार होते. त्याच्या प्रभावाने ग्रंथीच्या पेशी वर्षानुवर्षे वाढत राहतात. साठीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते, पण प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही.
- आनुवंशिकता: वडील किंवा भावाला त्रास असेल तर शक्यता वाढते.
- लठ्ठपणा, मधुमेह, व्यायामाचा अभाव: यांनीही धोका वाढतो.

नसबंदीमुळे प्रोस्टेट वाढत नाही. खाऱ्या पाण्याशीही तिचा संबंध सिद्ध झालेला नाही. आणि ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. मात्र दोन्हींची लक्षणे सारखी असू शकतात, म्हणून तपासणी हवी.

पाण्याला दोष देऊन थांबू नका
लघवी तुंबून राहिली तर तिचा दाब किडनीवर येतो आणि क्रिएटिनिन वाढते. घरचे म्हणतात, "पाण्यानं किडनी गेली." पण कारण प्रोस्टेट असेल, तर वेळेवर अडथळा काढल्यास किडनी बऱ्याचदा सावरते. म्हणून क्रिएटिनिन वाढलेल्या प्रत्येक वयस्क पुरुषाची सोनोग्राफी करा आणि लघवीनंतर मूत्राशयात किती लघवी उरते तेही बघून घ्या. शुगर, लघवीची तपासणी आणि गरजेनुसार पीएसए डॉक्टर सांगतील.

सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अचानक अडू शकते. मेडिकलमधून परस्पर घेऊ नका.

लगेच दवाखाना गाठा: लघवी पूर्ण बंद होणे, लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, पायांवर सूज.

बहुतेकांना गोळ्यांनी आराम पडतो, काहींना दुर्बिणीतून शस्त्रक्रिया लागते. वडील लाजून सांगत नसतील, तर तुम्हीच विचारा: "बाबा, रात्री किती वेळा उठता?"