रेफरी नसलेली मॅच

नागपूरला फुटबॉल नवा नाही. शेजारच्या कामठीत तर तो इंग्रजांच्या छावणीपासून रुजलेला. पण क्लब, बूट, गणवेश, स्पर्धेची फी हे सगळं ज्यांना जमवता येईल, त्यांचाच तो खेळ होता. २००१च्या पावसाळ्यात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे पाऊस चुकवायला झाडाखाली थांबले. समोर झोपडपट्टीतले पोट्टे प्लास्टिकची फुटकी बादली लाथाडत खेळत होते. बारसेंनी त्यांना बॉल दिला आणि पुढे शहरातल्या वस्त्यांचीच स्पर्धा भरवली. १२८ संघ उतरले. स्पर्धेला नाव दिलं ‘झोपडपट्टी फुटबॉल’. एखादं गुळगुळीत, देणगीदारांना रुचेल असं नाव शोधत बसले नाहीत, हे मला आवडतं. पुढे जगभर ते ‘स्लम सॉकर’ म्हणून ओळखलं गेलं.

ही गोष्ट आता बहुतेकांना नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मुळे (२०२२) माहीत आहे. त्यात अमिताभ बच्चनचा प्राध्यापक पोरांना खेळायचे पैसे देतो, सवय लागल्यावर ते बंद करतो, आणि पोरं फुकट खेळायला लागतात. प्रसंग झकास आहे. मात्र चित्रपटाला नायक लागतो, आणि इथलं खरं काम बरंचसं रटाळ असतं: रोज संध्याकाळी ठरल्या वेळी ग्राउंडवर कुणीतरी हजर असणं. जिथे वडिलांच्या कामाचा, शाळेचा, घराच्या भाड्याचाही भरवसा नाही, तिथे साडेपाच म्हणजे साडेपाच ही केवढी चैन असते, ते बाहेरच्याला पटकन कळत नाही.

पण ‘स्लम सॉकर’ या संस्थेच्या कामात मला सगळ्यात विलक्षण वाटते ती ‘फुटबॉल थ्री’ नावाची पद्धत. मॅचचे भाग तीन. आधी दोन्ही संघ कोंडाळं करून बसतात आणि आजचे नियम आपसांत ठरवतात. मग खेळ होतो, रेफरीशिवाय. फाउल झाला तर खेळणाऱ्यांनीच थांबायचं, भांडायचं, मिटवायचं. शेवटी पुन्हा सगळे बसतात. कोण नियमाला धरून खेळलं याचे गुण एकमेकांना देतात आणि ते गुण गोलांच्या हिशेबात मिळवतात. त्यामुळे गोलांत पुढे असलेला संघ हरू शकतो. शेजारी एक मध्यस्थ असतो, पण निकाल देणं हे त्याचं काम नाही.

ही कल्पना कोलंबियातल्या मेडेयीनची. १९९४च्या विश्वचषकात स्वतःच्याच जाळ्यात गोल गेला म्हणून चर्चेत आलेला आंद्रेस एस्कोबार मायदेशी परतला आणि त्याच शहरात गोळ्या घालून मारला गेला. तेव्हा तिथे असलेल्या युर्गेन ग्रीसबेक या जर्मन माणसानं टोळ्यांमधल्या पोरांना एकमेकांसमोर खेळायला उतरवलं. मुलंमुली एकाच संघात, आणि पहिला गोल मुलीनंच करायचा, असा त्यातला एक नियम. म्हणजे मुलीला पास द्यायलाच हवा! समानतेवरच्या दहा भाषणांनी जे होत नाही, ते या एका अटीनं होतं असं माझं मत आहे.

वस्तीतल्या पोराच्या आयुष्यात निवाडा कायम वरून येतो. पोलीस देतो, गल्लीतला दादा देतो, मास्तर देतो. ‘हो, माझाच हात लागला’ हे कुणी न दरडावता सांगायची संधी त्याला क्वचितच मिळते. ती इथे मिळते, आणि तसं सांगितल्यावर मार नव्हे, गुण पडतात.

संस्थेच्या खेळाडूंनी होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताची जर्सी घातली. ही स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये सुरू झाली. मैदान छोटं, एका बाजूला गोलकीपर धरून चार जण, सात-सात मिनिटांचे दोन डाव. २०१०ला रिओ दि जानेरोत भारताचा कर्णधार होता नागपूरचा अखिलेश पॉल. लहान वयात आपण गुन्हेगारीत कसे ओढले गेलो होतो, हे त्यानं पुढे आमिर खानच्या ‘सत्यमेव जयते’मध्ये स्वतःच सांगितलं. २०१६ साली फिफानं स्लम सॉकरला विविधतेचा पुरस्कार दिला.

होमलेस वर्ल्ड कपचा एक नियम मात्र कडक आहे: खेळाडूला तो आयुष्यात एकदाच खेळता येतो. विमान, परदेश, स्टेडियममधला गलका, फोटो, आणि आठवड्याभरानं तीच गल्ली. मला आधी हा नियम निर्दय वाटायचा. पण तो नसता तर पाच-सहा तरबेज खेळाडू वर्षानुवर्षं जात राहिले असते आणि बाकीचे त्यांच्या बॅगा उचलत बसले असते. खरा प्रश्न परतल्यानंतरचा. अखिलेशसारखे काही जण कोच होतात, आणि संस्था टिकते ती अशांवर. कोच वस्तीतलाच असला की कुणाचा बाप पिऊन येतो, कोण शाळा सोडायच्या बेतात आहे, हे त्याला विचारावं लागत नाही.

मुलींच्या बाबतीत तर कोचचं अर्धं काम ग्राउंडबाहेर असतं. मुलीला संध्याकाळी सोडायचं का, हाफ पँटवर खेळू द्यायचं का, हे ठरवते आई, आणि आईला पटवायचं तर तिच्या ओट्यावर जाऊन बसावं लागतं. त्यात नळाला पाणी येण्याची वेळ आणि सरावाची वेळ एकच निघाली तर मुलगी येत नाही, धाकटं भावंड सांभाळायला कुणी नसलं तरी येत नाही. मग सरावाची वेळ बदला, नाहीतर भावंडालाही कडेवर घेऊन यायला सांगा.