इंजिन किती हलावं?

"पहिला टाक. क्लच हळू सोड. बंद पडायच्या आत परत दाब."

हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधलं गॅरेज, सकाळचे साडेनऊ. बॉनेट उघडं. भाचा स्टिअरिंगवर, हँडब्रेक ओढलेला, पायाने ब्रेकही दाबलेला. मेस्त्री गाडीच्या बाजूला उभे. अशा वेळी गाडीसमोर कुणीही उभं राहायचं नाही, हा त्यांचा नियम. इंजिनाच्या कव्हरवर त्यांनी खडूची रेघ ओढली होती आणि शेजारी शॉकअपच्या टॉवरला स्टीलची पट्टी टेकवून धरली होती. भाचा क्लच सोडू लागला तसं इंजिन माथ्याकडून मागे, काचेच्या दिशेने झुकलं. क्लच दाबला, जागेवर आलं. मग रिव्हर्स. आता ते पुढे कललं आणि खालून कुठून तरी 'ठक्' असा आवाज आला.

"इल्लि नोड्री," मेस्त्री मला म्हणाले. इकडे बघा. रेघ दोन्हीकडे मिळून ३८ मिलिमीटर फिरली होती.

आम्ही गेलो होतो दुसऱ्याच कामाला. मागच्या सीटवर एक खोकं होतं, त्यात इंजिन डॅम्पर. वीतभर लांबीचा, निळ्या रंगाचा चकचकीत नळा, दोन्ही टोकांना गोल डोळे. डिकीचं दार तोलून धरणाऱ्या दांड्याचा धाकटा भाऊच. एक टोक इंजिनाला आणि दुसरं बॉडीला बांधायचं. आत पिस्टन आणि तेल. इंजिनाने हिसका मारला की तेलाला बारीक छिद्रांतून जावं लागतं आणि हिसक्याचा जोर तिथेच मुरतो. हाताने सावकाश दाबला तर नळा मुकाट्याने आत जातो, झटक्यात दाबला तर अडून बसतो. भाच्याने तो मला घरी तीनदा दाबून दाखवला होता.

त्याची तक्रार खरी होती. तो धारवाडहून रोज हुबळीला नोकरीला येतो. पी. बी. रोडवर बीआरटीएसच्या चिगरी बसना मधली मोकळी लेन आहे. चिगरी म्हणजे हरीण, आणि त्या पळतातही तशाच. बाकीच्यांच्या वाट्याला येतात कडेच्या लेन आणि नवनगर, उणकल करत लागत जाणारे सिग्नल. प्रत्येक सिग्नलला पहिला, दुसरा, ॲक्सिलरेटर सोडला की धक्का, पुन्हा दिला की धक्का, आणि गिअरचा दांडा हातात उडी मारतो. "मामा, डॅम्पर लावला की सगळं घट्ट होतं म्हणतात. लावू का?"

मी अकरा वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत रबराचे बुश साच्यातून काढण्यात घालवली आहेत. त्यामुळे 'घट्ट' हा शब्द इंजिनाच्या बाबतीत ऐकला की मला थांबावंसं वाटतं. इंजिन हलतं ते कुणी नीट बांधलं नाही म्हणून नव्हे. ते हलावं म्हणूनच तसं बांधलेलं असतं.

एके काळी इंजिनं चासीला सरळ बोल्टने आवळलेली असत. चार सिलिंडरचं इंजिन तेव्हा दात हलवून सोडायचं. १९३१ साली क्रायस्लरने प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर टांगलं, अशा रीतीने की त्याच्या डुलण्याचा आस त्याच्या वजनाच्या मध्यातून जाईल. 'फ्लोटिंग पॉवर' असं त्याचं नाव. म्हणजे तरंगणारं इंजिन. पुढच्याच वर्षी सित्रोएनने ती पद्धत फ्रान्समध्ये नेली. आज रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक मोटारीचं इंजिन या ना त्या तऱ्हेने रबरावर तरंगतंच आहे.

पुढे १९५९च्या मिनीमध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं ठेवलं आणि पुढची चाकं फिरवली. आज आपल्या बहुतेक छोट्या गाड्या याच घडणीच्या. या घडणीत एक गोष्ट बदलते. बोलेरोसारख्या गाडीत इंजिन उभं असतं आणि शेवटचा गिअर मागच्या ॲक्सलमध्ये. तिथला उलटा जोर ॲक्सल सोसतो. आडव्या इंजिनात गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळं एकाच पोटात. चाकाला जेवढा पीळ मिळतो, तेवढाच पीळ उलट्या दिशेने सबंध गठ्ठ्याला बसतो.

भाच्याच्या गाडीत १३०० सीसीचं मल्टिजेट डिझेल आहे. मूळ फियाटचं हे इंजिन आपल्याकडे रांजणगावला आणि मानेसरला बनायचं, आणि स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंतो अशा इतक्या गाड्यांत बसलं की लोक त्याला 'नॅशनल इंजिन' म्हणू लागले. दोन हजार आरपीएमच्या आसपास त्याचा पीळ १९० न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो ढोबळ मानाने तेरा पट होतो, म्हणजे अडीच हजारांच्या जवळ. अर्ध्या मीटरवरून हा पीळ धरून ठेवायचा तर कागदावर पाचशे किलोंचा जोर लागतो. हा जोर मुख्यतः पेलतो तो खालचा टॉर्क रॉड: हाडाच्या आकाराचा लोखंडी तुकडा, दोन्ही टोकांना रबर. मिनीमध्येही वरच्या अंगाला असाच एक दांडा होता. त्याचे बुश झिजले की इंजिन डुलायचं, क्लच थरथरायचा आणि सायलेन्सरचा पाइप जोडाशी तडकायचा. आजार जुनाच आहे.

म्हणून मेस्त्रींनी डॅम्परच्या खोक्याला हातही लावला नाही. गाडी लिफ्टवर चढवली आणि टॉर्क रॉड उतरवून माझ्या हातात ठेवला.

रबर हातात आलं की माझे डोळे आपोआप तीन गोष्टी शोधतात. पहिली, कडा: नवं रबर नखाने दाबलं की खळी पडते आणि लगेच भरून येते, इथे नख नुसतं घसरलं. इंजिनाच्या उष्णतेने वर्षानुवर्षं भाजून ते लाकडासारखं झालं होतं. दुसरी, वास आणि फुगवटा: एका बाजूला तेल झिरपून रबर सुजलं होतं. नैसर्गिक रबराला उष्णतेखालोखाल कुणी वैरी असेल तर तेल. तिसरी, सांधा. रबर धातूला चिकटवायचं काम हे आमच्या धंद्यातलं सर्वांत नाजूक काम. धातू खरवडायचा, धुवायचा, त्यावर बाँडिंगचा थर द्यायचा, त्याला बोटही लावायचं नाही, मग साच्यात दाबाखाली शिजवायचं. बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी पुढे नेमका तिथूनच सांधा सुटतो. या रॉडचा सांधा शाबूत होता. म्हणजे ज्याने बनवला त्याने मन लावून बनवला होता. फाटलं होतं ते मधलं रबर, आडवं, अर्ध्याहून जास्त, आणि त्या भेगेत पी. बी. रोडची धूळ भरून घट्ट झाली होती. 'ठक्' आवाज तिथला. लाख-दीड लाख किलोमीटर धावल्यावर असं होणं हा कुणाचा दोष नव्हे. रबराचं वयच ते.

नवा रॉड डॅम्परच्या कीटच्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्शात आला. वरचं उजवं माउंटिंगही बसलं होतं, तेही बदललं. पुन्हा खडू, पुन्हा पट्टी. आता रेघ फिरली १३ मिलिमीटर. 'ठक्' नाही. गोकुळ रोडवर एक चक्कर मारून आलेला भाचा म्हणाला, "मामा, दांडा उडी मारत नाही आता." त्याच्या तक्रारीतला बारा आणे भाग तिथेच संपला.

उरले चार आणे. डॅम्परचा प्रश्न खरं तर इथून सुरू होतो, आणि तो टाळू नये असं मला वाटलं. पैसे गेलेच होते. मग लावूनच बघू.

बसवताना मेस्त्रींनी तासभर घेतला, तो सगळा कोन आणि लांबी बघण्यात. डॅम्पर इंजिनाच्या डुलण्याच्या रेषेतच हवा आणि डुलण्याच्या आसापासून जमेल तितका दूर. तिरका बसला तर नुसता शोभेचा. दांड्याला दोन्हीकडे मोकळी जागा राहायला हवी, कारण इंजिन पूर्ण कललं आणि पिस्टन तळाला टेकला तर तो डॅम्पर राहत नाही, लोखंडी पहार होतो. मग सगळा जोर ब्रॅकेटवर. कीटमधलं ॲल्युमिनियमचं ब्रॅकेट कव्हरच्या बारीक बोल्टवर बसणार होतं. मेस्त्रींनी ते बाजूला सारलं आणि माउंटिंगच्या जाड बोल्टवर बसेल असं पोलादी पट्टीचं ब्रॅकेट जागच्या जागी कापून, वाकवून, भोक पाडून केलं. या कामासाठी त्यांना मनापासून दाद दिली पाहिजे. असली कीटं अशा हातांशिवाय लावू नयेत.

त्या रविवारी आम्ही गाडी कलघटगी, यल्लापूर करत अंकोल्याच्या रस्त्याला घेतली. आरबैल घाटात, दुसऱ्या गिअरमध्ये, वळणावर ॲक्सिलरेटर सोडा, पुन्हा द्या. फरक होता. खराच होता. आधी सोडल्यावर इंजिन पुढे, मागे, पुन्हा पुढे असं दोन-तीनदा हेलकावायचं, ते आता एकदाच कलून थांबत होतं. उतारावर इंजिनाच्या ब्रेकने गाडी धरताना ती एका दोरीत बांधल्यासारखी वाटत होती. भाचा खूश. मीही.

दुसऱ्या दिवशी ताई, म्हणजे त्याची आई, धारवाडहून हुबळीला निघाली. मांडीवर स्टीलचा डबा. उणकलच्या सिग्नलला गाडी उभी राहिली, एसी चालू होता, आणि डब्याचं झाकण किणकिणू लागलं. ताईने हात ठेवला, थांबलं. काढला, पुन्हा सुरू. गाडी चालू लागली की आवाज बंद. "हे आधी नव्हतं रे," ती म्हणाली. आरसा पाहिला: मागच्या रिक्षाचा नंबर वाचता येत नव्हता, इतका थरथरत होता.

हे का होतं ते आमच्या धारवाडच्या घरातल्या झोपाळ्यावरून सांगतो. झोपाळ्याला त्याच्या तालात ढकललं तर तो मोठा हेलकावा घेतो. पण फळीवर भराभर टिचक्या मारल्या तर तो जागचा हलत नाही. टिचक्या फळीतच विरतात, वरच्या कड्यांपर्यंत पोचत नाहीत. रबरावर टांगलेलं इंजिन असंच. उभ्या गाडीत ८५० आरपीएमला चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला अठ्ठावीस टिचक्या मारतं, आणि रबर इतकं मऊ ठेवलेलं असतं की त्या बॉडीपर्यंत जाऊ नयेत. आता कुणी झोपाळ्याची साखळी हाताने धरून ठेवली तर मोठे हेलकावे लवकर शमतात, पण प्रत्येक टिचकी हातात उतरते. डॅम्पर हा तो हात. घाटातला हेलकावा त्यानेच शमवला आणि सिग्नलवरची टिचकी ताईच्या डब्यापर्यंत त्यानेच पोचवली. एक घ्यायचं आणि दुसरं टाळायचं असं या साध्या नळ्याला जमत नाही. ते जमावं म्हणून अनेक गाड्यांत माउंटिंगमध्येच ग्लायकॉलसारखा द्रव भरलेला असतो: बारीक थरथर असेल तेव्हा मऊ, मोठा हिसका आला की घट्ट. ज्याच्या गाडीत असं माउंटिंग धडधाकट आहे, त्याच्याकडे चांगला डॅम्पर आधीच आहे. तीन सिलिंडरच्या गाडीला तर बाहेरचा डॅम्पर लावूच नये असं माझं मत. तिच्या टिचक्या सेकंदाला एकवीसच, म्हणजे झोपाळ्याच्या स्वतःच्या तालाला अधिक जवळच्या, आणि त्या अडवणं मुळातच अवघड.

मग कुणी लावावा? ज्याने इंजिनाचा पीळ वाढवून घेतला आहे, ज्याची गाडी स्पर्धेत धावते, ज्याला सुटताना चाकं उड्या मारल्याचा त्रास होतो आणि ज्याची माउंटिंगं नवी आहेत, त्याने. नवी गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारावं. रोज पी. बी. रोडवर जाणाऱ्या गाडीसाठी तेच पैसे रबरात घालावेत, आणि वर्षातून एकदा खडूची रेघ ओढून बघावं. बोटं मात्र पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब.

डॅम्पर काढायला दहा मिनिटं लागली. पुढच्या सिग्नलला डबा गप्प होता. भाच्याने नळा जुन्या टॉवेलात गुंडाळून डिकीत ठेवला आहे. ब्रॅकेट जागेवरच आहेत. दिवाळीत पुन्हा अंकोल्याला जायचंय आणि ताई त्या वेळी पुण्याला असणार. यल्लापूरला चहाला थांबू तेव्हा दोन बोल्ट लावून घेईन, असं तो म्हणतो. पाना त्याने आत्ताच डॅशबोर्डच्या खणात टाकून ठेवला आहे.