काठालगतचा बास

अमेरिकेतल्या एखाद्या तळ्यावर सुट्टीच्या सकाळी गळ टाकायला आलेल्यांकडे नीट पाहिलं, तर काठावर उभ्या असलेल्या बहुतेकांची धडपड एकच दिसते: आमिष जमेल तितकं लांब, तळ्याच्या मध्याकडे फेकायचं. त्याच वेळी होडीतून आलेली माणसं, ज्यांना तळ्याचा मध्य सहज गाठता येतो, ती बरोबर उलट दिशेला, काठाकडे फेकत असतात. त्यांचंच बरोबर आहे. लार्जमाउथ बास हा मासा वर्षातला बराच काळ काठालगतच्या उथळ पाण्यात काढतो, आणि होडी नसलेल्या माणसाला तो पकडायला कसलीही कमतरता आड येत नाही. कमी पडतं ते काठावर कसं वागायचं याचं ज्ञान.

आधी मासा समजून घेऊ. हिरवट अंग, कुशीवरून जाणारा काळपट पट्टा आणि डोळ्याच्या मागपर्यंत पोचणारा जबडा असलेला हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा शिकारी. (आपल्या जिताड्यालाही इंग्रजीत बास म्हणतात, पण तो खाडीतला आणि वेगळ्या कुळातला.) लांबवर पाठलाग करून भक्ष्याला दमवणं त्याच्या स्वभावात नाही, तो दबा धरून बसतो, भक्ष्य टप्प्यात आलं की तोंड झटक्यात उघडतो, आणि आत खेचल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर भक्ष्यही आत जातं. दबा धरायला आडोसा हवा. आडोसा मिळतो तो ऊन तळापर्यंत पोचून पाणवनस्पती रुजतात त्या पट्ट्यात: कमळाच्या पानांखाली, लव्हाळ्यांच्या कडेला, पाण्यात पडलेल्या झाडाच्या फांद्यांत, लाकडी धक्क्याच्या सावलीत. ब्लूगिलसारखे छोटे मासे, बेडूक, झिंग्याच्या जातकुळीतले क्रेफिश हे त्याचं खाद्यही तिथंच असतं. वसंतात याला आणखी एक कारण मिळतं. पाणी 15 अंश सेल्सिअसच्या पुढे तापू लागलं की नर कमरेएवढ्या किंवा त्याहूनही कमी पाण्यात येऊन घरटं करतो. उत्तर गोलार्धात ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून तळ्याचा उत्तरेकडचा काठ, त्यातही काळ्या गाळाचा उथळ कोपरा, सगळ्यात आधी तापतो. हिवाळा सरताना कुठून सुरुवात करायची, याचं उत्तर होडीशिवाय, नुसतं सूर्याकडे पाहून देता येतं.

मग काठावरची इतकी माणसं रिकाम्या हाती का परततात? बहुतेकदा कारण असं की गळ पाण्यात पडण्यापूर्वीच माशाला त्यांची चाहूल लागलेली असते. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीत एकवटलेलं दिसतं. त्या प्रकाशशंकूचा कोन सुमारे 97 अंशांचा असतो. 60 सेंटिमीटर खोलीवरच्या माशासाठी ही खिडकी जेमतेम 1.4 मीटर रुंद. पण क्षितिजापर्यंतचं सगळं तिच्यात मावतं, फक्त क्षितिजाजवळचं दृश्य कडेला चेपलं जातं. साधारण 10 अंशांच्या खालचं तर इतकं चेपतं आणि अंधूक होतं की त्यातून फारसं काही उमगत नाही. आता हिशेब करून पाहा. काठ पाण्याच्या पातळीवर असेल, तर सहा मीटरवर उभा असलेला मध्यम उंचीचा माणूस जवळपास 16 अंशांपर्यंत वर येतो, म्हणजे चांगलाच दिसतो. तोच माणूस तिथंच खाली बसला, तर त्या 10 अंशांच्या आत राहतो. गुडघे टेकून गळ टाकण्याचा सल्ला जुनी माणसं देतात, त्याला असा भक्कम भौतिक आधार आहे. शिवाय पावलांचे धक्के जमिनीतून पाण्यात उतरतात, आणि माशाच्या कुशीवरची पार्श्वरेषा जवळच्या पाण्यातली हालचाल टिपते. धपाधप चालत पाण्याच्या कडेला जाणारा माणूस सगळ्यात चांगली जागा आपल्याच पायांनी रिकामी करतो.

म्हणून पहिला गळ काठापासून चार-पाच पावलं मागे राहून, अगदी पायाजवळच्या पाण्यात टाकावा, आणि त्यानंतरचे काठाला समांतर. 20 मीटर लांब मध्याकडे फेकलेलं आमिष परत ओढताना उपयोगाच्या पट्ट्यातून शेवटचे दोन-तीन मीटरच जातं. काठाला धरून फेकलं तर सगळे 20 मीटर माशाच्या समोरून जातात. याला महागडं सामान लागत नाही. ओहायोतल्या अ‍ॅक्रन इथे निक क्रीम यांनी 1949 च्या सुमारास मऊ प्लास्टिकचं गांडूळ विकायला काढलं, आणि उथळ पाण्यासाठी त्याहून सरस आमिष आजही क्वचितच सापडेल. गळाचं टोक गांडुळाच्या अंगात लपवलं की ते वनस्पतींत अडकत नाही. शिशाचं वजन न लावता ते सोडायचं आणि आपोआप, हेलकावत बुडू द्यायचं. घाई करून ओढू नये. नजर दोरीवर ठेवावी, कारण बास बहुधा ते बुडतानाच घेतो आणि हाताला काही जाणवण्याआधी दोरी किंचित थरथरते किंवा आडवी सरकू लागते.

यावर पहिला आक्षेप येतो तो मोठ्या माशांचा: उथळात पोरंसोरं असतात, खरे धिप्पाड बास खोलात राहतात. हा समज बळावला त्याला इतिहास आहे. रे स्कॉट यांनी 1967 मध्ये अर्कान्सासच्या बीव्हर लेकवर मोठी स्पर्धा भरवली, तिथून बासची शिकार वेगवान होड्या आणि तळ दाखवणारी सोनार यंत्रं यांच्याशी जोडली गेली. पण जॉर्ज पेरी यांनी 2 जून 1932 रोजी जॉर्जियात पकडलेला, 10 किलोंच्या वर भरलेला बास मॉन्टगोमेरी लेकमधला होता, आणि ते पाणी म्हणजे ओक्मल्गी नदीने मागे सोडलेलं जुनं वळण, खोल धरण नव्हे. पेरी होडीत होते हे खरं, आणि एका माशावरून नियम सिद्ध होत नाही हेही खरं. तरी वसंतात अंडी घालायला मोठ्या माद्यांनाही उथळात यावंच लागतं, आणि उन्हाळ्यात पहाटे, संध्याकाळी, रात्री मोठे मासे काठाशी चरायला येतात. जुलैतली भर दुपार आणि कडक थंडी मात्र होडीवाल्यांची. तिथं काठावरच्याने हट्ट धरू नये.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि त्याला शाब्दिक उत्तर चालणार नाही. घरट्यावरचा नर सहज गळाला लागतो, तो भुकेने नव्हे, तर अंड्यांजवळ आलेल्या प्रत्येक गोष्टीवर तो तुटून पडतो म्हणून. मादी अंडी घालून निघून जाते. अंडी आणि नंतर पिल्लं राखतो तो नरच. त्याला पाच मिनिटं बाहेर काढून अगदी प्रेमाने परत सोडलं, तरी तेवढ्या वेळात ब्लूगिल घरट्यावर धाड घालतात. 'पकडून सोडला, म्हणजे नुकसान नाही' हा हिशेब इथे लागू पडत नाही. इलिनॉयमधल्या रिज लेकवर 1970 च्या दशकात सुरू झालेल्या, डेव्हिड फिलिप आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगातून तर आणखी पुढची गोष्ट कळली. तिथे पकडलेल्या प्रत्येक माशाची नोंद ठेवून तो परत सोडला जाई. काही वर्षांनी तळं रिकामं केलं तेव्हा सुमारे 200 बास असे निघाले, जे एकदाही गळाला लागले नव्हते. काही मात्र पुनःपुन्हा लागले होते. दोन्हींची वेगवेगळी पैदास पिढ्यान्पिढ्या केल्यावर दिसलं की गळाला लागण्याची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक आहे, आणि सहज लागणारे नर पिल्लांची राखणही अधिक नेटाने करतात. म्हणजे घरट्यांवर गळ टाकत राहिलं, तर तळ्यातले सगळ्यात चांगले बाप आपण वेचून काढतो.

काठावरच्या माणसाला हा मोह जास्त, कारण घरटी त्याच्या समोरच असतात: गाळ झाडून काढलेली, ताटापासून परातीएवढी फिकट वर्तुळं, आणि त्यावर जागेवरच पोहत थांबलेला मासा. पण ओळखणं सोपं, तसं टाळणंही सोपं. असं वर्तुळ दिसलं की गळ दुसरीकडे टाकावा; त्याच आठवड्यांत घरट्यांपासून दूर, लव्हाळ्यांच्या बाहेरच्या कडेला, अंडी घालून मोकळ्या झालेल्या माद्या सापडतात. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या बऱ्याच भागांत बासचा हंगाम जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात उघडण्याची रीत पडली ती याचसाठी. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी घराजवळच्या तळ्यावर जाण्याआधी राज्याचा परवाना आणि त्या पाण्याचे नियम पाहून घ्यावेत. पिल्लं एकदा पांगली की नर मोकळा होतो, आणि इतके दिवस जवळपास उपाशी राहिलेला तो मासा त्याच काठाशी, त्याच उथळात पुन्हा खायला लागतो.