पावसाळ्यानंतरची दुर्बीण

नाशिकमध्ये आकाशनिरीक्षणाचा खरा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो. जूनपासून कपाटात पडलेली दुर्बीण बाहेर निघते, आणि खंडेनवमीला हत्यारं-यंत्रं पुसून पूजेला मांडायची रीत असल्यामुळे कुणीतरी चष्म्याचं फडकं घेऊन तिचा आरसा लख्ख करायला बसतं. तो हात आधी थांबवा. हळदकुंकूही स्टँडला वाहा, काचेपासून लांब.

घरातल्या आरशाचा चकाकता थर काचेच्या मागे सुरक्षित असतो. परावर्ती दुर्बिणीत तो काचेच्या पुढच्या बाजूला, जवळजवळ उघडा असतो. अ‍ॅल्युमिनियमचा हा थर साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा दहाहजारावा भाग. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते काचेपेक्षाही कठीण असतात. कोरडं फडकं फिरवलं की हेच कण थरावरून ओढले जातात. पडलेला ओरखडा कायमचा.

उलट, धूळ तशीच राहिली तर फारसं बिघडत नाही. १५० मिलिमीटरच्या न्यूटोनियन (परावर्ती) दुर्बिणीत प्रकाशाच्या वाटेत बसवलेला ४० मिलिमीटरचा दुय्यम आरसा मुख्य आरशाचा सुमारे ७ टक्के भाग झाकतो. तरी शनीच्या प्रतिमेत भोक दिसत नाही, कारण आरशाचा प्रत्येक भाग पूर्ण प्रतिमा बनवत असतो. धुळीनं थोडा प्रकाश विखुरतो, इतकंच. रात्री टॉर्च मारून पाहिलात तर चांगला आरसाही भयंकर मळलेला दिसेल. परीक्षा दिवसाच्या उजेडात करा.

जपायचं ते बुरशीपासून. भुरी आणि डावणीशी झुंजणाऱ्या द्राक्षबागाइतदारांच्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको: दमट, कोंदट हवा मिळाली की बुरशी धरते. काचेवर तिला बोटाच्या ठशाचं तेलही पुरतं. तिच्या जाळ्यातून पाझरणारं आम्ल थर खातं, पुढे काचही. म्हणून पावसाळ्यात दुर्बीण फोमच्या पेटीत महिनोन् महिने कोंडू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करा (निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं वापरू नका). ऊन पडलेल्या कोरड्या दिवशी झाकणं काढून सावलीत वारा द्या.

धुळीखेरीज चिकट डाग किंवा बुरशीचे ठिपके दिसले, तरच आरसा धुवा. नळीच्या टोकाची आरशाची बैठक सोडवण्याआधी पेन्सिलीनं खुणा करा. हातातल्या अंगठ्या, घड्याळ काढा. आधी नळाचं कोमट पाणी आरशावरून वाहू द्या, सुटी धूळ निघून जाते. मग टबात टॉवेल अंथरून आरसा बुडवा, भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब घाला आणि दहा मिनिटं थांबा. कापसाचा बोळा पाण्याखालीच, फक्त स्वतःच्या वजनानं, एकदाच सरकवा आणि टाकून द्या. पुढच्या फेरीला नवा बोळा. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरनंच. बोअरच्या जड पाण्यातले क्षार वाळून पांढरे डाग सोडतात. आरसा तिरका उभा करून वाळवा, राहिलेले थेंब टिश्यूच्या कोपऱ्यानं टिपून घ्या. मध्यभागी कागदी कडी चिकटवलेली असेल तर तिला हात लावू नका.

आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, मात्र वारंवार मळतो, कारण पापण्यांचं तेल त्यावर लागतं. रबरी ब्लोअरनं धूळ उडवा. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. मग लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन मधून कडेकडे हलकेच फिरवा. थेंब थेट भिंगावर टाकला तर तो कडेनं आत शिरतो. भिंगाच्या दुर्बिणीतलं पुढचं जोडभिंग तर घरी उघडूच नका. त्यातलं अंतर आणि दिशा कारखान्यात जुळवलेली असते.

थंडीत निफाडचा पारा एक आकडी होतो, तेव्हा दव हा रोजचा पाहुणा. गार दुर्बीण घरात आणण्याआधी झाकण लावा, नाहीतर घरातला दमटपणा आरशावर जमेल. ती घराच्या तापमानाला आली की झाकण उघडून आतला ओलावा सुकू द्या. ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरीकडे निरीक्षणाला जाणाऱ्यांनी फवारणी चाललेल्या बागेपासून दूरच बसावं. औषधाचे तुषार काचेवर वाळले की धुण्यावाचून गत्यंतर नसतं.

धुतलेला आरसा परत बसवला की कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आणणं, करावंच लागतं. त्यासाठी ध्रुवतारा सोयीचा: नाशिकहून तो क्षितिजापासून सुमारे २० अंशांवर असतो आणि जवळजवळ हलत नाही. तो दृश्याच्या मध्यावर धरून फोकस थोडा बिघडवा. ताऱ्याभोवतीची वर्तुळं एककेंद्री दिसेपर्यंत मागचे स्क्रू थोडेथोडे फिरवा. प्रत्येक वेळी तारा पुन्हा मध्यावर आणा. आणि पुढच्या वर्षासाठी सिलिका जेल मे महिन्यातच आणून ठेवा.