आधी वाट द्यावी

स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याने पत्नी आणि मी कॅम्परव्हॅनमधून फिरलो. इन्व्हर्नेसहून निघून तिथेच परतणारा हा सुमारे ८३० किलोमीटरचा मार्ग २०१५ पासून ‘नॉर्थ कोस्ट ५००’ म्हणून ओळखला जातो. समुद्र आणि डोंगर देखणे, पण बराच रस्ता एकाच गाडीपुरता. मध्येमध्ये तो थोडा रुंद केलेला असतो. ही जागा डावीकडे असेल तर आत शिरायचे, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबून दुसऱ्याला जाऊ द्यायचे. तिथेच गाडी लावून जेवण मांडले, तर गावाकडे निघालेली रुग्णवाहिकाही अडू शकते. २००३ च्या कायद्याने मोकळ्या माळावर तंबू ठोकता येतो. ती मुभा मोटारीला नाही. म्हणून रात्री आम्ही अधिकृत तळावरच थांबत असू.