चातुर्मासापूर्वीची घरस्वच्छता

मोठी साफसफाई दिवाळीत काढण्याचा रिवाज सर्वत्र आहे. भुसावळकरांनी मात्र ती वैशाख-ज्येष्ठातच उरकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पाऊस सुरू झाला की भिंतींना ओल येते, धान्याला कीड लागते, कपाटांत बुरशी धरते. आणि एकदा जीवोत्पत्ती झाली की प्रत्येक झाडण्या-पुसण्यात हिंसा आलीच. खरी जयणा ती आधीची : जीव उत्पन्न होण्यास जागाच न ठेवणे. त्यासाठी लागणारी मुख्य वस्तू खानदेशास विनामूल्य मिळते. ती म्हणजे ऊन.

मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपुढे जातो. गाद्या, गोधड्या, रिकाम्या कोठ्या व डबे दोन दिवस गच्चीवर तापू द्यावेत. वर्षाचा गहू आधी चाळून-निवडून घ्यावा; एखादा जीव आढळला तर मूठभर धान्यासह सावलीत अलगद ठेवावा आणि मगच गव्हास ऊन द्यावे. गहू पूर्ण निवल्यावरच कोठीत भरावा, कारण गरम धान्य झाकले की आत वाफ धरते. थरांमध्ये सावलीत कडकडीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालावा. डाळींना किलोमागे लहान चमचाभर एरंडेल पुरते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने नळ, बादल्या आणि स्नानगृहातील टाइल्सवर पांढरी पुटे चढतात व आपण तीव्र आम्लाच्या बाटल्या विकत आणतो. वास्तविक हे काम किराणा दुकानातील लिंबूसत्व करते, आणि किराणा दुकान तर आपल्यापैकी अनेकांच्या घरचेच! लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व विरघळवून त्यात भिजवलेले फडके नळाभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवावे. पूट मऊ होऊन निघते.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. ही पुटे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची असतात म्हणून आम्लात विरघळतात. आणि आपल्या जुन्या घरांतील शहाबादी फरशी व देरासरातील संगमरवर हेही मूलतः त्याच द्रव्याचे आहेत. त्यांवर लिंबू, चिंच वा व्हिनेगर पडले की दगडाची झिलई जाते व खडबडीत डाग राहतो. तो पुसून निघत नाही. दगड पुन्हा घासून घ्यावा लागतो. चार रुपयांच्या बचतीत हजारोंचे नुकसान! अशा फरशीसाठी आठ-दहा रिठे रात्रभर भिजवून, सकाळी उकळून, गाळून घेतलेले पाणी थोडेसे बादलीत मिसळावे. हे पाणी दोन-तीन दिवसांत संपवावे. चिंच आणि मीठ ही जोडी तांब्या-पितळेच्या भांड्यांपुरतीच राखावी.

खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्याची हल्ली मोठी हौस दिसते. आम्ल आणि सोडा एकमेकांचा गुण मारतात. उरते ते जवळजवळ साधे पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरावेत. मात्र ब्लीचिंग पावडरमध्ये कोणतेही आम्ल कदापि मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो, आणि बंद स्नानगृहात तो जिवावर बेतू शकतो.

उष्टी भांडी ४८ मिनिटांच्या, म्हणजे दोन घटकांच्या आत धुण्याची आपली परंपरा झुरळांवरील उत्तम उपाय आहे. रात्री मोरी व ओटा कोरडा ठेवावा, भिंतीतील फटी बुजवाव्यात. मुंग्या गंधाच्या वाटेने येतात. त्यांना मऊ कुंच्याने बाजूस सारून ती वाट रिठ्याच्या पाण्याने पुसली की रांग मोडते. विषारी खडूची गरज उरत नाही.

सुगंधाविषयी थोडेच सांगायचे आहे, कारण दुर्गंधाचे मूळ काढल्यावाचून वरून फवारलेला सुगंध व्यर्थ होय. कूलरला कुबट वास येतो तो साचलेल्या पाण्याचा आणि कुजलेल्या गवताचा. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी केली तर डासांची पैदासही टळते. गवताच्या जाळीत वाळ्याची मुळे खोचली की खोलीभर मंद गारवा दरवळतो. कपड्यांच्या कपाटात डांबरगोळ्यांऐवजी लवंगा व वाळलेला कडुनिंब यांची पुरचुंडी ठेवावी. काही अर्भकांत जन्मजात रक्तदोष असतो. डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांनी त्यांच्या रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. बाळंतविडा म्हणून जपून ठेवलेली दुपटी बाळाला गुंडाळण्यापूर्वी आवर्जून धुऊन उन्हात वाळवावीत.