पोरगं बैल काढतंय, काढू द्या

पोरानं गणिताच्या वहीत मागल्या पानावर बैल काढलेला दिसला की आपल्या घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "यानं पोट भरणार हाय का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र आपण कधी नीट शोधत नाही. एक तर वही हिसकावून घेतो, नाहीतर कुणीतरी सांगितलं म्हणून शहरातल्या कोर्सची भरमसाट फी भरायला निघतो.

सिनेमा, कार्टून किंवा व्हिडिओ गेम तयार होण्याआधी त्यातला वाडा कसा दिसेल, माणसं काय नेसतील, गाडी कशी असेल, हे कुणीतरी कागदावर काढून दाखवावं लागतं. या कामाला कन्सेप्ट आर्ट म्हणतात. मराठीत संकल्पचित्र म्हणावं तर घोटाळा होतो, कारण चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेतलं संकल्पचित्र म्हणजे नक्षीकाम. हे वेगळं. घर बांधण्याआधी नकाशा काढतात, तसला हा प्रकार.

नाव नवं असलं तरी काम आपल्याकडे शंभर वर्षांचं जुनं आहे. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर (१८९०-१९५४) स्वतःच्या हिकमतीवर चित्रकला शिकले. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासोबत त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले. आनंदराव १९१६ साली वारले. पुढे बाबुरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. चित्रीकरणाआधी प्रसंगांची आणि पोशाखांची चित्रं काढून घ्यायची त्यांची पद्धत होती. म्हणजे कन्सेप्ट आर्टच की! १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीला जाणाऱ्या शेतकऱ्याची ही गोष्ट. तो तरुण शेतकरी रंगवला व्ही. शांताराम यांनी.

या कंपनीत विष्णुपंत दामले होते, कागलचे फत्तेलाल होते. सगळे एकमेकांचं काम बघत, एकमेकांच्या हाताखाली घडले. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांनी १९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात' उभी केली. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. त्यातलं देहू गाव बघताना ते खोटं वाटत नाही. गाव पाहिलेल्या माणसांनीच ते उभं केलं होतं.

आता सराव. पोरं मोबाईलवर बघून परदेशी राक्षस आणि तलवारी काढतात. काढू देत. पण हात तयार होतो तो समोरच्या वस्तूवरून काढल्यानं. गोठ्यातला बैल रोज दहा मिनिटं काढायला सांगा: उभा, बसलेला, पाणी पिताना. आधी पेन्सिलीनं नुसता आकार भरायचा, काळ्या सावलीसारखा. त्या सावलीवरून बैल की म्हैस ओळखू येत नसेल तर आत कितीही रेघा मारून उपयोग नाही. मग एकाच गाडीची बोटभर उंचीची आठ-दहा चित्रं, प्रत्येक निराळं. त्यातलं एक निवडून मोठं करायचं. पहिलंच चित्र रंगवत बसण्याची घाई नको. कागद महागाचा लागत नाही, जुन्या वह्यांची कोरी पानं चालतात. प्रत्येक पानावर तारीख टाकावी, म्हणजे सहा महिन्यांनी फरक आपोआप दिसतो.

सरावाइतकंच महत्त्वाचं म्हणजे चित्र दुसऱ्याला दाखवणं. इथं आपली मंडळी कमी पडतात. "लई भारी!" म्हटलं की पोरगं खूश, पण शिकलं काहीच नाही. "काय हे!" म्हटलं की वही बंद. त्यापेक्षा चार पोरांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावं, वह्या मधोमध ठेवाव्यात. काढणाऱ्यानं आधी बोलायचं नाही. बाकीच्यांनी सांगायचं, चित्रात पहिल्यांदा काय दिसलं, काय कळलं नाही, कुठली एक गोष्ट बदलावी. मग काढणाऱ्यानं तेच चित्र पुन्हा काढून पुढच्या आठवड्यात आणायचं. दुरुस्ती करून आणलं नाही तर सगळं बोलणं वाऱ्यावर गेलं म्हणायचं.

या बैठकीत मोठ्यांनाही बोलवा. ज्यानं जन्मभर बैल पाळले तो बघताक्षणी सांगेल, "वशिंड लई मागं गेलंय, जू बसायचं कुठं?" सुतार सांगेल की असल्या आऱ्यांचं चाक दोन पावलं चालायचं नाही. ही पारख फी भरून मिळत नाही. गोष्टीतली गाडी खोटी असली तरी ती चालेल असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, यातच या धंद्याची मेख आहे.

पैशाबाबत स्पष्ट सांगतो. खासगी कोर्सच्या जाहिरातीत नोकरीची हमी असते. त्या हमीवर कर्ज काढू नका, जमीन तर मुळीच विकू नका. आता संगणक सांगितल्याबरोबर चित्र काढून देतो, त्यामुळे या कामाचं स्वरूप झपाट्यानं बदलतंय आणि पुढं किती जागा राहतील हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. आधी पोराला एक-दोन वर्षं असा सराव करू द्या. वह्या भरल्या, दुरुस्त्या दिसल्या, गोडी टिकली, तर पुढचा विचार करा. बारावीनंतर सीईटी देऊन मुंबईचं जे. जे., नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी कला महाविद्यालयांची वाट आहेच.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एकच विनंती. रविवारी दोन तास ग्रामपंचायतीची किंवा वाचनालयाची खोली या पोरांना उघडून द्या. खर्च काही नाही, किल्ली तेवढी वेळेवर मिळाली पाहिजे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचे अर्ज शाळेमार्फत भरले जातात. शाळेत चित्रकलेचे शिक्षक नसतील तर मुख्याध्यापकांना आतापासूनच विचारून ठेवावं.